शेवाळ घालवताना
(रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवारच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "तुमच्या त्या माशांच्या पिंपावर बोला, पण केमिस्ट्री फार नको." आता अडचण अशी की त्या पिंपात केमिस्ट्रीच जास्त आहे. मासे आणि पालक ही वरची शोभा! तेव्हा केमिस्ट्री सांगणारच, पण माझ्या एका चुकीच्या निमित्ताने. ती चूक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे.

ज्यांनी ते प्रकरण पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०० लिटरचं निळं पिंप, त्यात १२ गोल्डफिश. शेजारी लोखंडी घोडीवर काळ्या दगडाच्या खडीने भरलेला अर्ध्या चौरस मीटरचा वाफा, त्यात पालक आणि पुदिना. छोटा पंप पिंपातलं पाणी वाफ्यात चढवतो, ते खडीतून झिरपून परत पिंपात येतं. माती नाही, विकतचं खत नाही. याला अॅक्वापोनिक्स म्हणतात.

यात खरं काम कोण करतं? मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो त्यांनाच विषारी. खडीवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते माशांना फारसं बाधत नाही आणि पालकाला तर हवंच असतं. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. खडीला हात लावला तर थोडं बुळबुळीत लागतं, एवढीच त्यांची ओळख. आणि त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

आता त्या मे महिन्याकडे येतो. पाणी हळूहळू हिरवं झालं आणि आठवडाभरात पुदिन्याच्या चटणीसारखं दिसायला लागलं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे, दुपारी पुन्हा मजेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, वास येतोय, डास होतील." कमिटीनेही महिन्याची मुदत दिली. मला वाटलं, घाण झाली आहे, साफ करू.

आणि मी साफ केलं! मासे बादल्यांत काढले. पिंप घासलं. सगळी खडी काढून ब्लिचिंग पावडरने धुतली, उन्हात वाळवली. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं, क्लोरीन उडून गेल्यावरच भरलं. तेवढं मला माहीत होतं. पाणी असं स्वच्छ, की तळाला पडलेलं नाणं वाचावं.

पाचव्या दिवशी मासे मरायला लागले. दोन दिवसांत १२ पैकी ७ गेले. तिसऱ्या मजल्यावरचा आपला छोटा दोस्त रोज शाळेतून आला की वर यायचा. त्याने विचारलं, "आजोबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

मला उत्तर देता आलं नाही. आज देतो.

बाळा, पाणी स्वच्छ दिसत होतं, पण त्यात अमोनिया साठत होता. खडीवरचे सगळे जिवाणू मी ब्लिचिंगने मारले होते. शिवाय शेवाळही थोडा अमोनिया खात होतं, तेही काढलं. म्हणजे मोरी धुतली आणि ड्रेनेजची लाइनच उपटून टाकली.

मग पहाटेची ती तडफड कशामुळे होती? दिवसा शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, प्राणवायू सोडतं आणि पीएच चढतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. त्यात मे महिना. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. तेव्हा माशांना फक्त हवेचा पंप हवा होता, आंघोळ नको होती.

पीएचचं महत्त्व आणखी एका कारणासाठी. पीएच ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून मी आता सकाळी सातला आणि दुपारी चारला, असा दोनदा पीएच तपासतो. दोन आकड्यांत फार तफावत दिसली की शेवाळ वाढतंय हे पाणी हिरवं दिसण्याआधीच कळतं.

शेवाळाला दोनच गोष्टी लागतात: ऊन आणि उरलेलं अन्न. माझ्या पिंपाला दोन्ही भरपूर मिळत होतं. निळ्या प्लास्टिकमधून उजेड आत जायचा. आणि खाणं? अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य, असा हिशेब दिलेला आहे. माझा वाफा अर्धा मीटर, म्हणजे फार तर २५ ग्रॅम. ती एक मूठ झाली. आणि वर येणारं प्रत्येक मूल एकेक मूठ टाकत होतं, मीही कौतुकाने बघत होतो!

उरलेले ५ मासे कसे वाचले? खाणं बंद केलं. दिवसरात्र हवेचा पंप लावला. रोज पाव भाग पाणी बदललं, तेही उघडं ठेवलेलं. सहा आठवडे असं काढलं. पिंपाला बाहेरून काळा रंग दिला, वर झाकण बसवलं. हेही सांगतो, की हिरव्या पाण्यावर झाकण घालाल तेव्हा हवेचा पंप चालू ठेवाच. मेलेलं शेवाळ कुजतं आणि प्राणवायू खातं. वाफ्यातलं पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली इंचभर ठेवलं, त्यामुळे वर शेवाळ धरत नाही आणि डासांना अंडी घालायला जागा राहत नाही. काकूंची तक्रारही मिटली.

पावसाळ्यात उलटा त्रास. जिवाणूंच्या कामामुळे पाणी हळूहळू आंबट होत जातं. पीएच ६ च्या खाली गेला की तेच मंदावतात. त्यासाठी कापडी पिशवीत शिंपल्यांचा चुरा सोडलाय. पाणी आंबट झालं की तो विरघळतो, एरवी पडून राहतो. मी पीएच ६.८ ते ७ च्या आसपास ठेवतो. मासे, जिवाणू, पालक, कुणाचंच पूर्ण मनासारखं नाही, पण सगळ्यांचं भागतं. सोसायटीच्या मीटिंगसारखंच!

ज्यांना करून बघायचंय त्यांना तीन विनंत्या. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो आणि खडी त्याहून जड, तेव्हा इंजिनिअरला विचारून, कमिटीची परवानगी घेऊनच ठेवा. पहिला महिना दोन-तीनच मासे सोडा. आणि शेवाळासाठी मोरचूद, ब्लिचिंग, काही टाकू नका. खडी धुवायची झालीच तर पिंपातल्याच पाण्यात हलकी खळबळा.

ते ५ मासे अजून आहेत. कार्यक्रम संपला की बालमंडळींनी जरूर बघून जावं. खाणं मात्र तिसऱ्या मजल्यावरचा आमचा दोस्तच घालेल, मोजून.