हिरव्या थेंबातली दुरुस्ती

टाकीतलं पाणी हिरवट झालं, की आपण ते ओतून देतो. मी जीवशास्त्राचा शिक्षक. त्यामुळे ओतण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. त्यात कधी कधी क्लॅमिडोमोनास भेटतं. हे एकाच पेशीचं शैवाल, आकार मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. पुढच्या टोकाला केसासारख्या दोन कशाभिका. आपण हात मारत पोहतो, तसं ते पोहतं.

पाणी एकाएकी आंबट केलं, तर या कशाभिका गळून पडतात. पेशी मात्र मरत नाही. पाणी पूर्ववत केलं, की साधारण दोन तासांत त्या पुन्हा जवळपास पहिल्याएवढ्या होतात. कशाभिका बनते प्रथिनांची. मग इतक्या लवकर एवढं प्रथिन येतं कुठून?

जोएल रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये याचा छडा लावला. सायक्लोहेक्झिमाइड या द्रव्याने त्यांनी पेशीतली नवी प्रथिननिर्मिती बंद केली. तरी कशाभिका उगवल्या. पण साधारण निम्म्या वाढून थांबल्या. म्हणजे निम्म्या कामाचा माल कोठारात शिल्लक असतो, उरलेला नव्याने बनवावा लागतो. त्यासाठी कशाभिका गळताच संबंधित जनुकं जागी होतात.

आणखी एक गंमत. एकच कशाभिका तोडली, तर शाबूत असलेली आखडू लागते आणि तुटलेली वाढू लागते. दोघी सारख्या झाल्या, की बरोबरीने वाढतात. जणू एका भाकरीचे दोन वाटे!

माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी आहेत. त्यांचं डायलिसिस चालू आहे. ते एकदा म्हणाले, ''मास्तर, शेवाळं बघून कुणाचं भलं झालंय?''

मी त्यांना २००० सालचं संशोधन सांगितलं. क्लॅमिडोमोनासला कशाभिका बांधायला जे जनुक लागतं, तशाच जनुकात बिघाड असलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात. त्या उंदरांच्या मूत्रपिंडातल्या पेशींवरचे सूक्ष्म केस आखूड राहिलेले आढळले. असे केस आपल्याही मूत्रपिंडात असतात. या आजाराचा माग काढताना शास्त्रज्ञांचं लक्ष त्या केसांकडे वळलं, त्यात या शेवाळाचा मोठा वाटा आहे.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून हाती आलेलं नाही, हेही मी लपवलं नाही. मेहुणे थोडा वेळ गप्प बसले. मग चष्मा काढून म्हणाले, ''दाखवा बघू तुमचा तो थेंब.''

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)