डोंगरवाटेवरचा सायकलपटू
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



व्यवसायमार्गदर्शन या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी मला केली. वैद्यक, स्थापत्य, हिशेबतपासणी ही नेहमीची यादी मी वाचीन असे पुष्कळांस वाटले असेल. ती आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. मी आज डोंगरात सायकल चालविणाऱ्या एका स्विस गृहस्थाविषयी बोलणार आहे. कारण शेवटी सांगेन.

निनो शुर्टर याचा जन्म १९८६ साली आल्प्स पर्वतातील टेर्सनाउस या लहानशा गावी झाला. खडक, झाडांची मुळे आणि छाती दडपविणारे उतार यांवरून जाड टायरची सायकल शर्यतीत हाकणे हा त्याचा व्यवसाय. हा खेळ कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १९७० नंतर काही तरुणांनी जुन्यापुराण्या सायकलींवर आरंभिला आणि १९९६ साली अटलांटा येथे तो ऑलिम्पिकमध्ये शिरला. शर्यत सुमारे दीड तास चालते. चढावर छाती फुटते, आणि उतारावर पायांस विसावा मिळाला तरी चित्तास मिळत नाही. एका दगडावर चाक चुकले की वर्षाची मेहनत मातीत.

"पण पोटापाण्याचे काय?" असे पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी आताच हळूच विचारले. प्रश्न योग्य आहे. सायकलींचे कारखानदार पथके पदरी बाळगतात व खेळाडूंशी ठराविक मुदतीचे करार करतात. शुर्टर ज्या पथकात वाढला त्याचा चालक टोमास फ्रिश्कनेश्ट हा स्वतः अटलांटाचा रौप्यपदक विजेता. म्हणजे गुरू घरचाच होता. मात्र या धंद्यात निवृत्तिवेतन नाही, आणि हाड मोडले की करारावर गदा येण्याची भीती असते. बहुतेकांस यश येत नाही, हेही मी लपवीत नाही.

शुर्टरला २००८ साली बीजिंग येथे कांस्यपदक मिळाले. २०१२ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक हाताशी आले असता अखेरच्या क्षणी चेक प्रजासत्ताकाचा कुल्हाव्ही पुढे निघाला. दीड तासाच्या झुंजीत अंतर पडले अवघ्या एका सेकंदाचे! परीक्षेत एका गुणाने वर्ग हुकलेला विद्यार्थी मी पुष्कळदा पाहिला आहे; त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते. येथे चार वर्षे थांबावे लागले. २०१६ साली रिओ येथे शुर्टर पहिला आला, कुल्हाव्ही दुसरा. पुढे टोकियोत तो चौथा आला, पदकावाचून परतला, आणि तरीही खेळत राहिला. फ्रान्समधील ले जे या गावी २००४ साली तो कुमारांचा जगज्जेता झाला होता. त्याच गावी २०२२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, प्रौढ गटातील दहावे जगज्जेतेपद त्याने मिळविले. २०२५ साली त्याने निवृत्ती पत्करली.

आता कारण सांगतो. २०२३ सालच्या उन्हाळ्यात आपल्या शिक्षणसाहाय्य निधीकडे एका विद्यार्थ्याचा अर्ज आला होता. डोंगरी सायकलीसाठी निम्मी रक्कम त्यास कर्जाऊ हवी होती. छाननी समितीत मी होतो. अशा शर्यती आपल्या देशात होतात तरी कोठे, असे मी त्यास विचारले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. "छंदासाठी निधी नाही" हा शेरा माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केरळातील पोनमुडीच्या डोंगरात आशियाई अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. मला त्याचा पत्ताच नव्हता, आणि अर्जदारास जे ठाऊक असेल ते विचारण्याची सभ्यता मी दाखविली नव्हती.

मुलगा हल्ली नोकरीच्या परीक्षा देतो, असे त्याच्या मातोश्री सांगतात. सायकल अद्याप भाड्याचीच आणतो. अर्ज दप्तरात आहे. कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेत तो पुन्हा वाचला जावा अशी लेखी सूचना मी दिली आहे. तिला एक अनुमोदक हवा आहे.