म्हाताऱ्या बैलाचं पोट गच्च होतं तेव्हा

मागच्या खेपेला आपण शेळ्यांच्या लसीवर बोललो. त्यानंतर एका गटाच्या बैठकीत एक मावशी मला म्हणाल्या, "शेळीचं सांगितलंस, गाईचं सांगितलंस, दावणीच्या म्हाताऱ्या बैलाचं कोण सांगणार?" म्हणून आज बैलाचं. त्यातही एकच दुखणं, पोट गच्च होण्याचं. उन्हाळा लागला, हिरवी वैरण संपली, पाणी आटलं की आपल्या माणदेशात हे दुखणं हमखास डोकं वर काढतं.

आधी माझ्याच घरचं सांगते. आमच्याकडे हौशा नावाचा खिलार बैल होता, चौदा-पंधरा वर्षांचा. औताला जुंपणं केव्हाच बंद झालेलं. बेंदराला तेवढी शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची, बाकी वर्षभर दावणीला. दोन वर्षांमागं चैत्रात एका सकाळी सासूबाई शेणाचं घमेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हौशाचं शेण बघ गं, गवरी थापायलाबी येईना." रोज घमेलं भरायचं, तिथं चार-पाच सुक्या काळपट गोळ्या, वर शेंबडासारखा चिकटा. मी बघितलं, आणि बैठकीला उशीर होतोय म्हणून निघून गेले. घरातली पुरुषमाणसं म्हणाली, वय झालंय, ऊन लागतंय, चालायचंच.

तिसऱ्या दिवशी त्यानं रवंथ सोडला. कुणीतरी सांगितलं, अर्धा लिटर गोडं तेल पाजा, मोकळा होईल. दिरांनी मान वर केली, मी जीभ ओढून धरली आणि वेळूच्या नळीनं तेल ओतलं. तो ठसकला, तेल नाकातून बाहेर आलं. डॉक्टर आले चौथ्या दिवशी. म्हणाले, पोटाचं बघता आलं असतं, पण तेल फुप्फुसात उतरलंय. आठव्या दिवशी हौशा गेला. सासूबाईंनी मला बोल लावला नाही. पण पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, आणि बीए झालेल्या सुनेनं ऐकलं नव्हतं.

आता हे होतं कसं, ते बघू. बैलाच्या पोटाला चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा, मोठ्या जनावराचा तर शंभर लिटरच्या वर मावेल एवढा. खाल्लेली वैरण त्यात भिजते, आंबते, पुन्हा तोंडात येते, चावली जाते. निरोगी जनावर दिवसातले सहा-आठ तास रवंथ करतं. म्हाताऱ्या बैलाच्या दाढा झिजलेल्या, वाकड्यातिकड्या. कडबा नीट चावला जात नाही. गव्हाणीखाली अर्धवट चावलेले वैरणीचे बोळे पडलेले दिसले तर समजा, दाढांनी दगा दिला. त्यात उन्हाळ्यात वैरण निव्वळ कोरडी, पाणी एकवेळ, आणि बैल दिवसभर हातभर दाव्याला उभा. पाण्यावाचून तो चारा पोटात मळलेल्या पिठासारखा दाबून बसतो आणि पुढं सरकत नाही. उकिरड्यावरची प्लास्टिकची पिशवी, सुतळी पोटात गेली असेल तर वाटच बंद होते.

ओळखायचं कसं? पहिली खूण शेण. कमी, घट्ट, काळपट. मग खाणं कमी होतं, रवंथ थांबतो. आता बैलाच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. शेवटच्या बरगडीच्या मागं जो खळगा असतो, ती भकाळी. तिथं मूठ दाबून धरा. आतलं पोट हलतं तेव्हा मूठ उचलल्यासारखी वाटते, धडधाकट जनावरात दोन मिनिटांत दोन-तीन वेळा. गच्च पोटात ती हालचाल मंदावते किंवा लागतच नाही, आणि मूठ काढली की भाकरीच्या पिठात बोट दाबल्यासारखा खड्डा राहतो. भकाळी फुगून डफासारखी वाजत असेल तर ती पोटफुगी. ती तासाभरातही जीव घेते, तिथं एक क्षण थांबायचं नाही. लग्नातला उरलेला भात, चपात्या खाऊन जनावर सुस्त झालं, शेण पातळ आणि आंबूस आलं, तर तेही वेगळं आणि तेवढंच घाईचं.

आणखी एक फसगत नेहमी होते. बैल पाय ताणून कुंथतोय, शेपटी हलवतोय, म्हणून आपण म्हणतो शेण अडकलं. पण खच्ची केलेल्या बैलाला मुतखडाही होतो. लघवी थेंब थेंब येते किंवा अजिबात येत नाही. म्हणून कुंथताना दिसला की खाली बघा, जमीन ओली आहे का. लघवी तुंबली असेल तर जुलाबाचं औषध काही कामाचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरच हवा.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? कोरडी वैरण आणि पेंड बंद. स्वच्छ कोमट पाणी समोर ठेवा, आपण होऊन पिऊ द्या. डाव्या भकाळीवर मुठीनं पाच-दहा मिनिटं चोळा. उन्हं उतरल्यावर सावकाश फिरवा. तेल, सोडा, काढा, काहीही जीभ ओढून पाजू नका. डॉक्टर नळी थेट पोटात घालून औषध देतात, सलाईन लावतात. प्लास्टिकच असेल तर डाव्या कुशीतून ऑपरेशन करतात.

आता पैशाचं. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईनं बैलाच्या डॉक्टरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत दोघी म्हणाल्या, दूध देत नाही, नांगर ओढत नाही, त्याच्यासाठी गटाचा पैसा कशाला? त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, पैसा कष्टाचा आहे. पण राज्यात २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे, म्हातारा बैल दावणीलाच राहणार. तो आठ दिवस तडफडत असताना त्याचं शेणमूत काढायला, रात्री उठायला आपणच असतो. शेवटी ठरलं, जनावराच्या पहिल्या दिवसाच्या उपचाराला हजार रुपयांपर्यंत बैठकीची वाट न बघता द्यायचे. ताईनं पहिल्याच दिवशी डॉक्टर आणला, तिसऱ्या दिवशी बैल मोकळा झाला. तो अजून आहे. तिच्या सासऱ्यांना मारायलाही धावतो!

हे दुखणं टाळता येतं, आणि त्याला फार खर्च नाही. कडब्याची कुट्टी करा. आमच्या गटानं हातानं फिरवायचं यंत्र घेतलंय, घरटी पाळी लावलीय. कुट्टीवर मीठ-गुळाचं पाणी शिंपडून दोन-तीन तास मुरू द्या, मऊ पडते. दिवसाला साधारण ३० ग्रॅम मीठ. उन्हाळ्यात मोठ्या बैलाला ४० ते ६० लिटर पाणी लागतं, ते तीन-चार वेळा दाखवा. एकदाच हौदावर नेऊन भागत नाही. वैरण थोडी थोडी, चार वेळा. तरणी जनावरं म्हाताऱ्याला गव्हाणीतून ढकलतात, त्याची गव्हाण वेगळी ठेवा. नवी वैरण एकदम सुरू करू नका, आठवडाभर जुनीत मिसळत न्या. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दाढा बघून घ्या, टोकदार झाल्या असतील तर ते घासून देतात.

जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. फोन करताना नुसतं "बैल आजारी आहे" म्हणू नका. शेवटचं शेण कधी टाकलं, कसं होतं, लघवी होतेय का, रवंथ कधी थांबला, भकाळी वाजते की खड्डा पडतो, आणि घरात काय पाजलंय, हे सगळं सांगा. पाजलं असेल तर लपवू नका. मी त्या दिवशी तेलाचं लगेच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी विचारल्यावर सांगितलं.