पिवळ्या कड्याचे नाणे

चिरनेरच्या एका दुकानात माझे दहा रुपयांचे नाणे परत आले. ‘दादा, यावर रुपयाचे चिन्ह नाही, खोटे असेल.’ चिन्ह आले 2011 पासून. माझे नाणे त्याआधीचे. त्याचे पिवळे कडे ॲल्युमिनियम ब्राँझचे. शंभर भागांत 92 तांबे, 6 ॲल्युमिनियम, 2 निकेल. त्यावर ॲल्युमिनियमच्या ऑक्साईडचा पातळ थर धरतो, म्हणून ते सहज काळवंडत नाही. याच कुळातला, अधिक ॲल्युमिनियम, निकेल आणि लोखंड घातलेला धातू जहाजांच्या पंख्यांना वापरतात. तो खारे पाणी सोसतो. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच जाहीर केले. एवढे ऐकून दुकानदाराने नाणे गल्ल्यात टाकले. आपणही ते नाकारू नका.