बिल्ला आणि लोखंड



अमेरिकेतील जुन्या जोरकस मोटारगाड्या आणि त्यांचे लहानमोठे प्रकार ओळखायचे कसे, हा माझा आजचा विषय आहे. विषय ऐकून, बत्तीस शिराळ्यात या गाड्यांचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ओळखण्याची विद्या या गावाला मी काय सांगावी! नागाने फणा काढला म्हणजे लहान मूलही त्याला ओळखते. फणा मिटलेला असताना धामण कोणती आणि नाग कोणता, हे सांगायला मात्र जाणता लागतो. तो रंगाकडे पाहत नाही, लांबीकडेही पाहत नाही. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. नागाच्या वरच्या ओठावरचा तिसरा खवला डोळ्यापासून नाकपुडीच्या खवल्यापर्यंत भिडलेला असतो. रंग फसवतो, खवला फसवत नाही. मोटारीच्या बाबतीतही न्याय हाच आहे.

प्रथम घरची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांनी 1968 साली एक जुना ट्रक विकत घेतला. शिराळ्याहून पेठनाक्यावरून कोल्हापूरला शाहूपुरीत गुळाचे रवे पोचवायचे, हा त्यांचा धंदा. त्यांचा सगळा भरवसा ‘फार्गो’ या नावावर होता. विकणाऱ्याच्या गाडीवर फार्गोची अक्षरे चकचकीत बसवलेली होती, आणि त्या अक्षरांपायी वडिलांनी आठशे रुपये जास्त मोजले. पुढे गाडी नावावर करण्याची वेळ आली. मिस्त्रीने चासीवर कागद धरला, वरून पेन्सिल घासली आणि नंबराचा छाप उठवला. तो नंबर कागदपत्रांशी ताडून पाहिला, तेव्हा गाडी निघाली डॉज! वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

आता यातली गंमत पाहा. डॉज, डिसोटो आणि फार्गो हे तिन्ही ट्रक मुंबईत कुर्ल्याच्या एकाच कारखान्यात तयार होत. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून 1947 पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लरचे विक्रेते निरनिराळ्या नावांचे, म्हणून एकाच गाडीला नावेही निरनिराळी. प्लिमथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मोटारींचेही तसेच. अंग एक, फरक दर्शनी जाळीचा, पट्ट्यांचा आणि बिल्ल्याचा. पुढे फियाट अकराशेलाही सत्तरीच्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी अशी नावे मिळाली. गाडी मुळात तीच राहिली. म्हणजे वडिलांचे आठशे रुपये गेले ते केवळ अक्षरांपायी. त्या डॉजने पुढे अकरा वर्षे आमचे घर चालवले.

यावरून कोणी म्हणेल, की नावात काही नसते. तेही खरे नव्हे. अमेरिकेत साठीच्या दशकात नावामागे खरोखर लोखंड होते. जनरल मोटर्सचा दंडक असा होता, की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटियाकच्या मंडळींनी 1964 साली पळवाट काढली. वेगळी गाडी न काढता त्यांनी टेम्पेस्ट मालिकेतील गाडीवर ‘जीटीओ’ नावाचा जादा सरंजाम देऊ केला आणि त्यात 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन बसवले. पहिल्याच वर्षी अशा 32,450 गाड्या खपल्या. येथे तीन अक्षरांत दुप्पट ताकद दडलेली असू शकते, आणि म्हणूनच आज त्या अक्षरांना मोठी किंमत येते. जेथे किंमत येते तेथे नक्कल येतेच. बिल्ला बाजारात विकत मिळतो, बॉनेट बदलता येते, रंगाचे पट्टे एका दुपारी ओढता येतात.

मग ओळखायचे कसे? उत्तर आमच्या मिस्त्रीचेच: नंबर वाचा. 1966 पासून जीटीओ ही स्वतंत्र मालिका झाली आणि तिचा नंबर 242 ने सुरू होऊ लागला. 1968 च्या डॉज चार्जरचा नंबर ‘एक्सपी’ने सुरू झाला तर ती साधी चार्जर, आणि ‘एक्सएस’ने सुरू झाला तर 440 घनइंचांचे किंवा त्याहून जबर हेमी इंजिन घेऊन निघालेली ‘आर/टी’. शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीचा ‘एसएस 396’ हा प्रकार 1966 ते 1968 या काळात 138 या आकड्यांवरून कळतो.

परंतु 1969 पासून तो पुन्हा जादा सरंजाम झाला, आणि नंबर मुका झाला! अशा वेळी कारखान्यातला जुळणीचा कागद शोधावा लागतो. तो कधी आसनाच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. तोही नसेल, तर इंजिनावरचे ठसे आणि ओतकामाच्या तारखा ताडून पाहाव्या लागतात. कारण ठसाही घासून नवा मारणारे लोक आहेत. एकाच खुणेवर विसंबू नये, सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात का ते पाहावे, हे या विद्येचे सार होय. आणि जेथे खूण पुरेशी नसेल, तेथे ‘सांगता येत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य जाणत्याजवळ हवे. विकणाऱ्याला ते शब्द आवडत नाहीत. घेणाऱ्याचे घर मात्र त्यांनीच वाचते.

मी पुष्कळदा विचार करतो, की वडिलांना दुःख कशाचे झाले? गाडी तर चांगली होती. ते मला एकदा म्हणाले, “पोरा, डॉज म्हणून दिली असती तरी घेतली असती रे.” आठशे रुपये कष्टाने पुन्हा मिळवता आले, माणसाच्या शब्दावरचा भरवसा मिळवायला फार वर्षे लागली. साधी गाडी साधी म्हणून विकण्यात काही कमीपणा नाही. धामण शेतातले उंदीर खाते आणि कोणाला चावून मारत नाही; तिने फणा काढायचे काही कारण नाही.

म्हणून बिल्ला जरूर पाहा, पण वाकून चासीही पाहा. कपडे मळतील, एवढेच.