शिकार कोणाची, रान कोणाचे?

(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



इंग्लंडमधील सरदार-दरकदार घोड्यावर बसून कोल्ह्यामागे कुत्री सोडत असत, याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. पण शिकारीच्या कायद्यांचा इतिहास म्हणजे त्या देशातील जमिनीच्या मालकीचाच इतिहास आहे. तो समजला, की तेथील डाव्यांनी काय मिळवले आणि काय गमावले, हेही समजते.

सुरुवात 1671 च्या शिकार कायद्यापासून करू. या कायद्याने शिकारीचा हक्क मालमत्तेशी जोडला. वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन, अथवा 150 पौंडांचा दीर्घ मुदतीचा पट्टा असलेल्यालाच, वारशाने मान मिळालेले मोजके अपवाद वगळता, ससा किंवा तित्तिर मारता येई. त्या काळी परगण्यात मतदानाचा हक्क मिळण्यास 40 शिलिंग, म्हणजे 2 पौंड उत्पन्नाची जमीन पुरत असे. थोडक्यात, खासदार निवडण्यासाठी जेवढी जमीन लागे, तिच्या पन्नासपट जमीन एक पाखरू मारण्यासाठी लागे! छोट्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात ससा पीक खाऊ लागला, तरी त्याला हात लावणे हा गुन्हा होता.

पुढे 1723 चा ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ आला. तोंडाला काळे फासून, हत्यार घेऊन राखीव रानात फिरणाऱ्यास फाशी, असा तो कायदा. हरणाची चोरी, झाडे तोडणे, तळ्याचा बांध फोडणे अशा कृत्यांनाही त्याने देहदंडाच्या कक्षेत आणले. ई. पी. थॉम्सन या इतिहासकाराने 1975 साली या एका कायद्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. याच शतकात गावोगावच्या सामाईक जमिनींना संसदेच्या कायद्यांनी कुंपणे पडत होती. ज्या माळावर गरिबाची गाय चरे आणि जेथून त्याला सरपण मिळे, तो माळ जमीनदाराच्या खात्यावर चढला. मग भुकेल्या मजुराने रात्री ससा धरला, की तो चोर ठरे. त्याच्यासाठी झुडपांत सापळे आणि आपोआप उडणाऱ्या बंदुका लावलेल्या असत. त्यांवर 1827 साली बंदी आली खरी, परंतु 1828 च्या कायद्याने रात्रीच्या चोरट्या शिकारीबद्दल तिसऱ्या गुन्ह्याला सात वर्षांच्या सागरपार हद्दपारीची तरतूद केली. 1831 साली मालमत्तेची अट गेली, तरी पट्ट्याच्या करारात शिकारीचा हक्क जमीनदार स्वतःकडेच ठेवीत. आपल्या शेतातले ससे मारण्याचा, करारानेही हिरावता न येणारा हक्क कुळाला मिळण्यास 1880 साल उजाडावे लागले.

हीच दृष्टी साम्राज्याबरोबर आपल्याकडे आली. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलातील गुरेचराई, लाकूडफाटा आणि शिकार यांवर सरकारी निर्बंध आले. जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये केली, ती याच काळातली.

ब्रिटनमधील श्रमिकांनी हे निमूटपणे सोसले असे मात्र नाही. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने काही शे कामगार किंडर स्काउटच्या डोंगरावर चढले. तो माळ ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला होता. वर्षातले मोजके दिवस चालणाऱ्या बंदुकांसाठी गिरणगावातल्या माणसांना वर्षभर मज्जाव! पाच जणांना तुरुंगवास झाला. पण 1949 च्या राष्ट्रीय उद्यानांच्या आणि 2000 च्या मुक्तसंचाराच्या कायद्यामागे त्या पावलांचे बळ आहे.

आता कोल्ह्याकडे वळू. कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर स्कॉटलंडने 2002 मध्ये, तर इंग्लंड व वेल्सपुरती ब्रिटिश संसदेने 2004 च्या कायद्याने बंदी घातली. ती योग्यच होती. करमणुकीसाठी जिवाला फाडणे ही परंपरा असली, म्हणून ती समर्थनीय होत नाही. तथापि सप्टेंबर 2002 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर सुमारे चार लाख माणसे ‘ग्रामीण जीवन वाचवा’ म्हणत उतरली होती. ते सारेच जमीनदार होते काय? नव्हते. शाळा, बस आणि परवडणारे घर गमावत चाललेल्या खेड्यातला साधा माणूसही त्यांत होता. जमीनदार त्याचा प्रवक्ता झाला, कारण दुसरे कोणी त्याच्याकडे गेलेच नव्हते.

सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीने 2000 साली काढलेला हिशेब पाहा. शिकारमंडळांची थेट नोकरी करणारे सुमारे 700, तर शिकारीवर या ना त्या प्रकारे अवलंबून असलेले 6,000 ते 8,000 रोजगार. आकडा लहान आहे, परंतु त्यामागे माणसे आहेत. कुत्र्यांची निगा राखणारा किंवा पाखरांची राखण करणारा नोकर अनेकदा मालकाच्या घरात राहतो. नोकरी गेली, की छप्परही जाते. 1976 च्या कायद्याने शेतमजुरांना अशा घरांत संरक्षण दिले. पण शिकारीसाठी फेझंट वाढवणे ही ‘शेती’ नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने 1980 च्या एका प्रकरणात ठरवले आणि त्यांची राखण करणारा नोकर त्या संरक्षणाबाहेर राहिला. ज्याच्या जिवावर मालकाचा खेळ चालतो, तो कायद्याच्या लेखी शेतमजूरही नाही!

समाजवाद्यांचे खरे काम येथे होते. कोल्ह्याला संरक्षण देताना या नोकराच्या घराचा आणि पर्यायी रोजगाराचा प्रश्न त्याच आवेशाने मांडायला हवा होता. ते न झाल्याने मालक आणि नोकर एकाच मोर्चात चालले. आणि बंदीनंतरही मंडळे उरली. वासाच्या मागावर कुत्री सोडण्याच्या नावाखाली जुनाच खेळ चालतो, हा आक्षेप इतका वाढला, की 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला त्याही प्रकारावर बंदीचे आश्वासन द्यावे लागले. जमिनीची मालकी जेथल्या तेथे राहिली, तर सत्तेचे खेळ नवी नावे घेऊन परततात.

आपल्याकडेही अभयारण्यांच्या सीमा आखल्या जातात, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. वन्यजीव जगलेच पाहिजेत. पण त्यांच्या नावाने रानाबाहेर काढला जाणारा माणूस कोण आणि त्याच रानात आलिशान विश्रामगृह बांधणारा कोण, हे विचारल्यावाचून आपल्याला पुढे जाता येणार नाही.