भरायचे की उचलायचे?



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण हा विषय आपण बायका आपसांतही काढत नाही, म्हणून चार शब्द बोलते.

तीन बाळंतपणे झाली, चाळिशी उलटली आणि माझी छाती थोडी ओघळली. धाकटी जाऊ म्हणाली, "अक्का, आता त्यालाही ऑपरेशन निघालंय." पाटल्या मोडण्यापर्यंत माझा विचार गेला. घरी न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारले, "काय गेलंय, भरीवपणा की जागा?"

भरीवपणा गेला असेल तर सिलिकॉनची पिशवी घालतात. अशी पिशवी पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवली. पण ती जन्माची सोबतीण नव्हे. ती फाटू शकते, तिच्याभोवती कठीण कवच धरू शकते. मग पुन्हा ऑपरेशन. २०१९ साली खरखरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या एका दुर्मिळ कर्करोगाशी संबंध दिसल्याने परत मागवल्या गेल्या.

जागा सुटली असेल तर जादा कातडी काढून बोंड वर घेतात. आत परकी वस्तू राहत नाही, पण व्रण राहतात, आकार वाढत नाही, आणि वय व वजन पुढे आपले काम करतातच.

ओळखायचे कसे? स्तनाखालच्या घडीवरून. बोंड घडीच्या वर असेल तर कधीकधी नुसती पिशवी पुरते. खाली उतरले असेल तर उचलावे लागते. नुसत्या पिशवीचे वजन त्याला आणखी खाली ओढते. मूल व्हायचे असेल तर थांबलेले बरे.

आणखी एक. पाजल्याने छाती ओघळते हा समज खरा नाही. गर्भारपण, वय, वजनाची चढउतार आणि सिगारेट ही कारणे. सुनांना पाजू द्या.

शेवटी बाईंनी विचारले, "गाठीसाठी कधी तपासून घेतलंत?" मी खाली पाहिले. आपल्या देशात बायकांच्या कर्करोगांत स्तनाचा पहिला, आणि मी मात्र आरशापुढे दुसरेच पाहत होते! त्याच दिवशी तपासून घेतले. सुदैवाने काही निघाले नाही.

पाटल्या अजून हातात आहेत. कोणी ऑपरेशन केले तर मी नाव ठेवणार नाही. देह तिचा, पैसा तिचा. मात्र आधी तपासणी करा आणि मग तो प्रश्न स्वतःला विचारा.